एकाच प्लेटीवरून

छापखान्यात मी एकतीस वर्षं नोटा तपासल्या.
ताव उलटायचा, डोळा फिरवायचा,
कुठे शाई फुटली, कुठे आकडा सरकला,
कडेला पेन्सिलीची खूण, की पुढचा ताव.
संध्याकाळी दारावर झडती, मग जेलरोडची रिक्षा.

म्हणून ऋजुता बोरस्तेचं बोलणं मला लगेच कळलं.
कॉलेज रोडच्या त्या थंडगार खोलीत
ती म्हणाली, मावशी, तुमच्या पेशीपेशीत
एक मजकूर आहे, तीनशे कोटी अक्षरांचा.
पेशी दुभंगताना सगळा नव्याने उतरवायचा,
आणि उतरवणाराच मागे वळून चुका खोडतो.
किती सुटतात, मी विचारलं.
शंभर कोटींत एखादी.
आमच्या सेक्शनला हे जमलं नसतं.

मग तिने कडांचं सांगितलं.
मजकुराच्या दोन्ही टोकांना
अर्थ नसलेली एकच ओळ, हजारदा गिरवलेली.
दर छपाईला तिच्यातलं थोडं कापलं जातं,
कड संपत आली की पेशी छापणं थांबवते.
मरत नाही. बसून राहते,
शेजारणींना आपली धुसफूस पुरवत.
हे मला कुणी शिकवायला नको,
निवृत्तांचा कट्टा आहे आमच्या कॉलनीच्या वळणावर.

तिला आम्ही दोघी हव्या होत्या, मी आणि यमुना.
जुळ्या, एका बीजाच्या.
बापाने नावसुद्धा एकच ठेवलं, जमना न् यमुना,
छपाईत खपून जातो तेवढाच फरक.
अकरा मिनिटांनी मी मोठी.
त्या अकरा मिनिटांवर दर दिवाळीला
तिला पाया पडायला लावलं.
शाळेतही मी एकटीच गेले, दप्तर एक होतं म्हणून.
ती पिंपळगावच्या बागांत.
छाटणी, डिपिंग, औषधाचा पंप पाठीवर,
नाकाला फक्त पदर.
पौषातल्या पहाटे शेकोट्या पेटवायच्या
त्याही द्राक्षांसाठी.

एकाच सकाळी दोघींचं रक्त घेतलं.
तीन महिन्यांनी कागद आला.
अक्षर न् अक्षर तेच आहे, ऋजुता म्हणाली,
फक्त जगताना अक्षरांवर बारीक टिंबं पडतात,
हे वाचू नको, ते मोठ्याने वाच, अशी.
टिंबांवरून वय काढतात हल्ली.

माझं आलं एकसष्ट.
यमुनाचं शहात्तर.
आधार कार्डावर दोघी अडुसष्ट.

ऋजुता घाईघाईने बोलू लागली,
अंदाज असतो हो हा, चार वर्षं इकडेतिकडे,
उंदरांत तर काटा थोडा मागेही फिरवलाय,
गोळ्यांवर काम चालू आहे, उपवासावर पण,
पोट रिकामं राहिलं की पेशी आपलाच केर खाते.
मग मी तर लख्ख असायला पाहिजे, यमुना म्हणाली.
कुणी हसलं नाही.

मला एक नोट आठवली.
बिटको चौकात भाजीवालीने सुट्यांत दिलेली,
माझ्या पाळीत तपासलेल्या मालिकेतली.
घडीवर विरलेली, हळदीचा वास,
कोपऱ्यात कुणीतरी लिहिलेला फोन नंबर.
आकड्यावरून ओळखली, चेहऱ्यावरून नाही.
तिच्या पाठची
कुठल्यातरी बँकेच्या पेटीत
अजून कुरकुरीत असेल, कशाचाच वास न लागलेली.

परतीला द्वारका चौकात रिक्षा अडकली.
यमुनाने कागदाची चार पदरी घडी केली,
बटव्यात घातली, दोरी ओढली.
म्हणजे पंधरा वर्षांनी मी मोठी, म्हणाली,
आणि पाय पुढे केले, चपलांसकट.
टाचेच्या भेगांत बागेची माती,
तीन वेळा साबण लावून आली होती तरी.

रिक्षात वाकायला जागा नसते.
माझं डोकं दांडीला लागलं,
मागून कुणीतरी हॉर्न दाबून धरला होता.