व्हाउचर

४०२ ला तीन दिवस गरम पाणी नाही.
सोलरची टाकी भरलेली, गच्चीवर सकाळी नवालाच
पत्र्याला हात लावू नये असं ऊन,
आणि नळातून फक्त फुस्स,
मग खाकरणं,
मग काहीच नाही.

सोसायटीचा खजिनदार म्हणून मी वर गेलो,
म्हणजे चावी घेऊन उभा राहिलो.

निरंजन बेहेरा, गाव केंद्रापाडा, मुलुंडात सतरा वर्षं.
भांडतो मराठीत, आकडे मोजतो ओडियात.
पान्याच्या टोकाने पाइपवर टकटक करत,
कान लावत लावत सरकला
आणि तिसऱ्या एल्बोपाशी थांबला.
"इथं बसलीय."
कोण?
"हवा, साहेब. पाणी दारापर्यंत आलंय,
ही उठत नाही."
व्हेंटचा पाइप कुणीतरी वाकवून
त्याला डिशची तार बांधली होती.
त्याने तार कापली. कुणाची, ते विचारलं नाही.
मीही नाही.

खाली अकरा दिवसांची मुलगी
तेल लावून तयार,
आणि पाटावर पाय पसरून अंजिरामावशी,
रिकाम्या बादलीकडे बघत:
"मला अजून दोन घरं आहेत."

निरंजनने मिक्सरच्या तोंडावर तळहात दाबला,
दोन्ही चाव्या सोडल्या.
गार पाणी उलटं चढलं गरमच्या वाटेने,
भिंत आतून थरथरली,
वर कुठेतरी मोठ्यांदा गुडगुडलं.
हात काढला.
नळ खोकला, थुंकला,
आणि आलं ते दुधासारखं पांढरं पाणी.
बादलीत ते तळापासून निवळत गेलं,
आम्ही चौघं वाकून बघत राहिलो.
मग वाफ.

"ढेकर निघाली की!" मावशी म्हणाली.
अर्ध्या तासाने मुलगी धुरी घेऊन, दूध पिऊन
तिच्या खांद्यावर, पाठीवर थापट्या,
टक टक टक,
"हिची अजून बाकी आहे."

तीनशे रुपये.
सामान: नाही. बदललेले भाग: नाही.
कारखानीस विचारणार, मग पैसे कशाचे?
तपशिलात लिहिलं 'किरकोळ दुरुस्ती'.
खोडलं.
'हवा काढली.'
असू दे.
निरंजनने खाली सही केली
त्याच्या लिपीत.
एक अक्षर वाचता येईना मला,
सगळी गोल.