कपडे वाळत घालायची तार

बैलूरच्या माळावर वारा कुणाला विचारून येत नाही.
चोर्ल्याकडून वर चढतो,
थेट आमच्या परड्यात.
पेरूपासून न्हाणीच्या मेढीपर्यंत
सोळा हात तार आहे माझी,
जुन्या कुंपणाची, आठ नंबरची.

हे तीन वर्षं काश्मिरात टॉवरवर होते.
ठेकेदार हुबळीचा, माणसं सगळ्या मुलखांची.
परत आले ते डाव्या कानानं अधू,
ट्रंकेत एक लोखंडी डंबेल घेऊन:
हातभर पोलादी दोर, दोन टोकांना दोन वजनं.
"तारेला बांधायचा ताईत," म्हणाले,
आणि ठेवून दिलं कोनाड्यात, चिमणीशेजारी.
झोपेत मंगल, मंगल म्हणायचे.
मी विचारलं नाही.

जांबोटीत बस्त्यावच्या हॉटेलात एकदा सांगितलं ह्यांनी:
तिथं तारेवर बर्फ धरतो, मनगटाएवढा.
सगळीकडून सारखा नाही, वाऱ्याच्या अंगाला जास्त.
मग तार गोल राहत नाही,
पंखासारखी होते,
आणि वारा तिला उचलतो.
"किती?"
"दोन पुरुष वर. मग खाली. मग वर.
घाई नसते तिला.
घोडं दुडक्या चालीनं जातं तसं, पण जागच्या जागी."
बस्त्याव म्हणाला, निंगाप्पा, थापा मारायलास.
तार काय घोडं हाय व्हय?
हेस्कॉमचा लाईनमनसुद्धा हसला,
ज्याच्या तारा इथं नुसत्या गुणगुणतात
आणि अकेशियाची फांदी पडली तरच तुटतात.
ह्यांनी बशीतला चहा संपवला.
पुन्हा विषय नाही.

पौषात सासऱ्यांचं घोंगडं धुतलं मी.
पाणी निथळत होतं,
दुमडून तारेवर टाकलं, एका अंगाला जड.
वारा सुटला.
तार वर गेली. थांबली. खाली आली.
पेरू कमरेत वाकला, मेढ करकरली.
घोंगडं फडफडत नव्हतं,
ते चालायला लागलं होतं.
मी हसत हाक मारली,
अहो, या, तुमचं घोडं बघा!

हे आले
आणि उंबऱ्यातच खाली बसले,
दोन्ही हात डोक्यावर.

तेव्हा कळलं, मंगल ओरांव.
मी कुणी बाई समजत होते.
रांचीकडचा पोरगा, बाविशीचा,
खिशात हिरव्या मिरच्या ठेवायचा, थंडीवर औषध म्हणून.
"तार गुणगुणत असते तोवर बरं असतं," म्हणाले.
"बर्फ धरला की आधी ती गप्प होते.
मंगल म्हणाला, दादा, आज आवाज नाही,
आज काम सोपं.
आणि चढला."

पुढचं त्यांनी सांगितलं नाही.
घोंगडं आम्ही दोघांनी मिळून उतरवलं,
पिळलं, दोन टोकांना दोघं.

मग ते उठले, कोनाड्यातलं डंबेल आणलं,
मेढीपासून दोन हातांवर पान्यानं आवळलं.
"ह्यानं ते घोडं थांबत नाही," म्हणाले,
"हे बारक्या थरथरीसाठी."
मग कशाला लावताय?
"असू दे."

आता त्याच्या अलीकडं माझी लुगडी, पलीकडं ह्यांचे सदरे.
एका वजनावर बुलबुल बसतो,
दुसरं वजन उगाच हलतं.

वारा पडला की रात्री मला जाग येते.
शेजारची वाकळ रिकामी.
परड्यात हे उभे,
तारेला उजवा कान लावून.