मांजर

ग्दान्स्क. बाहेर खारं धुकं.
आत मी, ब्रोनिस्लावा,
भाषांतराच्या ओळी पडद्यावर पुढे ढकलणारी.

रंगमंचावर दार नाही.
त्सुनेहिको दोन्ही हातांनी हवा बाजूला सारतो,
तोंडानंच म्हणतो, सरा सरा सरा,
आणि दार उघडतं.

नोकर धन्याची साके चोरून पितो
उघड्या पंख्यातून, घटाघट.
नेमकं इथंच माझं बटण अडकलं.
पडद्यावर एकच ओळ:
धनी, मांजरानं सांडली.

तो पुढं काय काय बोलला देव जाणे.
दर वाक्याला मांजरच.
लोकांची हसून मुरकुंडी.

तिसऱ्या रांगेत गोदीतला म्हातारा झेनोन
टोपीनं डोळे पुसत होता.

आमच्याकडेही मांजरच सांडायचं,
कोट घालताना म्हणाला.
बायको फरशी पुसायची, मांजराला शिव्या द्यायची.

मांजर पाळलंच नव्हतं कधी.