हातावर पोट

सरळ बस. म्हणजे बसलेलाच आहेस तू
बासष्ट वर्षं, त्याच लोखंडी खुर्चीवर,
ओठांचा लाल रंग दर ईस्टरला नवा.
मी फक्त तुझ्या मांडीवरचं अकॉर्डियन काढतेय.
भाता फाटलाय. वॉल्ट्झच्या मध्येच धाप लागते तुला,
असं ओडिलॉनचा नातू फोनवर म्हणाला.

हे अकॉर्डियन कुणाचं, त्याला माहीत नाही.
तुला तर नाहीच.

फिरमिन, माझा बाप, या कॅफेत
शनिवार-रविवार वाजवायचा.
रात्रीला ऐंशी फ्रँक, दोन बिअर,
आणि उरलेली सॉसेजेस वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्यासाठी.
मग एका मंगळवारी अँटवर्पहून ट्रक आला
आणि तुम्ही तिघं उतरलात :
ड्रमवाला, सॅक्सोफोनवाला,
आणि रिकाम्या मांडीचा तू.
कारखान्यातलं नवं अकॉर्डियन महाग होतं.
ओडिलॉनने बापाचं घेतलं, तीन महिन्यांच्या भाड्याला,
आणि वर म्हणाला, बघ, वाजणार तर तुझंच आहे.

हातावर पोट होतं आमचं.
तुला हात दिले, पोट द्यायचं राहिलं,
म्हणून तू स्वस्त पडलास.
तुझा उजवा पाय ताल धरायचा
तो बरोबर आमच्या पोटावर पडायचा.

बाप रूपेलकाठच्या वीटभट्टीत गेला.
बोटं अशी फुगली
की पाव कापायची सुरी आईच्या हातात गेली, ती कायमची.
तरी शनिवारी यायचा इथे. मला घेऊन.
पाच फ्रँकचं नाणं तुमच्या पेटीत टाकायचा
आणि भिंतीला टेकून उभा.
मला वाटायचं, रागाने बघतोय.
तो वाट बघत असायचा एका बटणाची.

डाव्या हाताचं, तिसऱ्या ओळीतलं. अडकायचं.
दुरुस्तीला कधी पैसे जमले नाहीत
म्हणून त्याला वळसा घालूनच वाजवायचा तो,
सायकलवाला ओळखीचा खड्डा चुकवतो तसा.
तू मात्र भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याचा ताबेदार,
सरळ खड्ड्यात. प्रत्येक पोल्कात. फुस्स.
आणि बाप ग्लासात तोंड घालून हसायचा,
खांदे गदगद हलेपर्यंत.
मी न समजता हसायचे.

तो गेल्यावर मी हेच काम शिकले.
का, ते विचारू नकोस. तू विचारणारही नाहीस,
हा तुझा एक चांगला गुण.

आज सकाळपासून बिलियर्डच्या टेबलावर
ते उघडून बसलेय. शेळीचं मऊ चामडं, गरम सरस,
घड्यांमधून निघालेली तंबाखूची राख,
आणि त्या बटणाच्या खाली, दांडीशी चिकटलेली
एक टिकली.
हिरवी. नाचायच्या झग्यावरची.
आईचा चांगला झगा एकच होता, करडा,
त्याला टिकल्या नव्हत्या.

मी ती चिमट्याने काढली. खिशात ठेवली.

संध्याकाळी नातवाने बरणीतून जुनं नाणं काढून दिलं.
ड्रमवाल्याने पापण्या मिटल्या, उघडल्या,
तुझ्या पायाने एक दोन केलं, भाता भरला.
पोल्का त्या वळणावर आली
आणि माझे खांदे सवयीने तयार झाले.

सूर आला.
पूर्ण, खाली, जाड, दारात उभ्या राहिलेल्या माणसासारखा.
घरात कधी ऐकला नव्हता, इथेही नाही.
बापाने ऐकला असेल, टिकली पडायच्या आधीच्या
एखाद्या रात्री, मी नसताना, आई असताना किंवा नसताना.
आता तो तुला येतो
आणि तुला त्याचं काहीच वाटत नाही.

मला पुन्हा ऐकायचा होता.
नातू म्हणाला, बरणीत नाणी भरपूर आहेत, मावशी.

बिलात लिहिलं : चामडं, सरस, एक दिवसाची मजुरी.
बटणाचे पैसे लावले नाहीत.