तासांचा तक्ता

आन्नेकेनं मला एक तक्ता दिलाय.
तारीख, सुरू, संपलं, काम, एकूण तास.
ताशी एकशेवीस रुपये, तिच्या विद्यापीठाकडून,
दर महिन्याच्या पंचवीसला.

पहिल्या दिवशी मी लिहिलं : सुरू, सात.
मामा तलावाच्या पाळीवर दोघी जाऊन बसलो.
शालिकभाऊ डोंगा घेऊन सातला येणार होते,
ते आले साडेदहाला.
मेहुण्याची बकरी अडली होती.

तोवर आन्नेकेनं कितीदा घड्याळ पाहिलं.
मग मला विचारलं,
सात म्हणजे तुमच्यात नक्की किती?
मी म्हटलं, ऊन त्या मोहाच्या बुंध्याशी उतरतं तेव्हा.
खोटं होतं ते.
सात म्हणजे सातच, शालिकभाऊंकडं मोबाईल आहे.
पण तिला आवडलं,
तिनं वहीत लिहून घेतलं.

आता ह्या साडेतीन तासांचं काय लिहू?
वाट पाहिली, असं काम असतं का?
ती बराच विचार करून म्हणाली, अर्धे धर.

त्याच साडेतीन तासांत
दमयंताबाई कपडे आपटता आपटता सांगून गेली
बेशरम कुठल्या कोपऱ्यातून पसरली,
डाडक का दिसेनासा झाला,
सोसायटीचा ठेका कोणी कोणाला दिला गुपचूप.
ते सगळं आन्नेकेच्या तिसऱ्या प्रकरणात आहे.
पूर्ण धरलेलं.

पाच वाजले की ती लॅपटॉप मिटते.
मासा रात्रीच जाळ्यात येतो, हे ठाऊक असून मिटते.
मग चिंचेखाली पाय लांब करून
काही म्हणता काही करत नाही,
आणि तिला त्याची लाज वाटत नाही.
आई जाळं सांधता सांधता बघत राहते.
'हिले काई काम नाई का वो?'
'संपलं तिचं.'
'संपलं मनजे?'

रात्री मी आईचा तक्ता मांडून पाहिला.
सुरू : पहाटे चार.
मासोळी निवडणं, अर्जुनीचा बाजार,
टोपली रिकामी होईस्तोवर उन्हात बसणं
(हे अर्धं?)
संपलं, त्या रकान्यापाशी पेन थांबला.
आई म्हणाली, लाईट बंद कर, बिल येते.

मला हवेत ते पाच वाजलेले.
हे मी कोणाला सांगितलं नाही.

मागच्या आठवड्यात शालिकभाऊ बरोब्बर सातला आले.
आम्ही पोचलो सव्वाआठला.
आन्नेकेला वाटेत तीन घरांनी चहाला बसवलं,
तिला उठताच येईना.
भाऊ डोंग्यात बसलेले, पाण्याकडं तोंड करून.
काही बोलले नाहीत.
मी माझ्या तक्त्यात त्यांचा सव्वा तास लिहिला.

पंचवीसला दीडशे रुपये घेऊन गेले.
'कायचे?'
'बसल्याचे.'
त्यांनी नोटा मोजल्या, खिशात घातल्या,
आणि जरा थांबून म्हणाले,
'मंग त्या बकरीच्या दिवसाचे साडेतीन तास
मी देनं लागतो का तुले?'

मी म्हटलं, अर्धे धरा.