अडीच तास

परत येऊन अकरा दिवस झाले.
हे कूलरच्या टाकीत पाईप सोडून उभे,
मी गच्चीवर दोन जाड कोट वाळत घातलेले,
एप्रिलच्या नागपुरात.
शेजारच्या कुंभारेबाई भिंतीवरून विचारतात,
काहून जी, आता थंडी पडते काय?

फोटो सगळ्यांना दाखवून झाले.
घंटाघर. कालवा. हंस.
मी पुलावर, हे माझ्यामागे अर्धे कापलेले.
पायऱ्यापायऱ्यांची छपरं असलेली विटांची घरं.
गावाचं नाव अजून आम्हाला नीट म्हणता येत नाही.
हे ब्रूज म्हणतात, मी ब्रुग्ज,
टूरवाल्या पोराने तिसरंच काही सांगितलं होतं.

कोणाला सांगितलं नाही ते हे:

बसमधून उतरवताना पोरगं म्हणालं,
अडीच तास, मग याच झाडाखाली.
बाकीचे चॉकलेटच्या दुकानांकडे वळले.
आम्ही नकाशा उलटा धरून भांडलो.
छत्तीस वर्षांत पहिल्यांदा
भर रस्त्यात, मोठ्याने, मनसोक्त.
घरी आधी सासूबाई होत्या, मग पोरं, मग पातळ भिंत.
"तुले काही समजते का?"
"तुमाले तरी कोठं समजते?"
एक गोरी म्हातारी थांबली, हसली,
आणि आपल्या म्हाताऱ्याच्या कोपराला धरून पुढे गेली.

पाऊस आला म्हणून जे दार उघडं दिसलं त्यात शिरलो.
तिकीट आठ युरो.
ह्यांनी मनात केलेला गुणाकार
कपाळावर दिसला.

आत, दोरीच्या पलीकडे, एक माग.
उंच, काळ्या लाकडाचा, आपल्यासारखा खड्ड्यातला नाही,
पण फणी तीच, पावड्या त्याच,
आणि ताण्यावर आडवा पडलेला
धोटा.

हे दोरी ओलांडून गेले.
वीज मंडळात एकतीस वर्षं मीटर वाचले,
विचारल्याशिवाय कोणाच्या फाटकाची कडी काढली नाही,
तो माणूस.
रखवालदार धावत आला, काहीबाही बोलला.
ह्यांनी माझ्या कोटाखालून डोकावणारा
करवती काठ चिमटीत धरून त्याला दाखवला.
"हे. हे आमी. माहा बाप. तांडापेठ."
मग रिकाम्या हातानेच धोटा फेकला
डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे,
तोंडाने खट्, खट्,
पाय हवेतच पावडी दाबत.
रखवालदाराने दोरी सोडली नाही.
पाठ वळवून मात्र खिडकीतला पाऊस पाहत राहिला,
बराच वेळ.

लग्नानंतरची चार वर्षं मी ह्या माणसाच्या घरी
कांड्या भरल्या.
सासरे गेले, तेराव्यानंतर माग विकला,
हे काही बोलले नाहीत.
मला वाटलं होतं, सुटले.

झाडाखाली चाळीस मिनिटं उशिरा पोचलो.
बसमध्ये डॉक्टर जोडपं आमच्याशी बोललं नाही
पॅरिसपर्यंत.

काल संध्याकाळी, टाकी भरल्यावर,
पाईप गुंडाळत हे म्हणाले, चाल.
कुठे ते मी विचारलं नाही.

तांडापेठेतलं घर आता पुतण्याकडे.
मागाचा खड्डा बुजवून वर फरशी,
फरशीवर त्याची स्कूटर.
"थोडी सरकव," हे म्हणाले,
आणि टाचेने दोनदा ठोकून पाहिलं.
पोकळ वाजलं.
किंवा आम्हाला तसं ऐकू आलं.
पुतण्या म्हणाला, "काय पाह्यलं मग काका, तिकडं?"
"पाऊस," हे म्हणाले.
त्याने चहा टाकला.

गोळीबार चौकात ऑटो पाहताना
मी म्हटलं, चालत जाऊ.
हे म्हणाले, ऊन उतरलं नाही अजून.
मी म्हटलं, तिकडं तर मैलभर फिरवलं मला.
"नकाशा कोणाच्या हातात होता?"
"आन् उलटा कोणी धरला?"
आवाज चढले.
पोह्यांच्या ठेल्यावरची चार माणसं वळली,
आणि ह्या वेळी सगळ्यांना कळत होतं.
आम्ही थांबलो नाही.
ऑटोवाल्याने मान बाहेर काढली,
"काकू, काका बरोबर म्हणून राहिले,
पण बसा तुमी."