चुटक्या

प्रभात रोडच्या गल्लीतलं कॅफे. बायांच्या कवितांची संध्याकाळ.
माझा नंबर अकरावा. तीन मिनिटं.
शाल्मली माइकवर सांगते :
टाळ्या नाहीत हं इथं,
ओळ भिडली की चुटकी वाजवायची,
म्हणजे बोलणारीची लय तुटत नाही.

आधीच्या दहाजणींत
चौघींच्या कवितेत स्वयंपाकघर होतं.
ओट्यापाशी संपलेल्या आज्या, करपलेल्या डिग्र्या,
आणि शेवटाला ‘आपण’.
आपण बायका. आपण सगळ्या.
मी मागच्या खुर्चीत बसून अदमास घेत होते,
हा ‘आपण’ रामटेकडीपर्यंत येतो
की डेक्कनलाच उतरतो.

खऱ्या स्वयंपाकघरात तेवढ्यापुरता मिक्सर बंद होता.
कपबशा आवाज न करता विसळायला सांगितल्या होत्या.
कुणाला, ते पडद्याआड.

मग मी. ‘सुकेशनी,’ शाल्मलीनं पुकारलं.
फॉर्म भरताना ‘सुकेशनी, पुढं काय?’ विचारलं होतं,
ते पुढचं वाचलं नाही.

आईची कविता म्हणाले.
सकाळी साडेसहाला याच गल्लीत ती
ओला-सुका वेगळा करते,
कोणत्या फ्लॅटची पाळी कधी
तिला तारखेनिशी पाठ आहे,
कागदात गुंडाळायचं कुणी विसरत असेल तर तेही.
बहिणींनो, आपलं नातं
एवढं तरी आहे.

चुटक्या.
आधी दोन-तीन, मग फोडणीत मोहरी तडतडावी तशा.

आणि पडदा सारून ती बाहेर आली.
पन्नाशीची, पदर खोचलेला, कोपरापर्यंत ओली.
‘कुनी बोलावलं? काय पायजे?’

बोटं हवेतच राहिली.
कुणीतरी हसलं. मग कुणीच नाही.
‘काही नाही मावशी, तुम्ही आत जा,
कार्यक्रम चालू आहे.’

माझी पन्नास सेकंद उरली होती.
शेवटची ओळ तयार होती, ‘आम्ही’वर आदळणारी,
तिच्यानंतर किती थांबायचं
तेही घरी आरशासमोर ठरवून आले होते.
चुटक्यांसाठीच की.
आईला जिन्यात जशी हाक मारतात
तीच, मी मागून घेतलेली.

ओळ गिळली.
‘मावशी, नाव काय तुमचं?’ माइकमधूनच विचारलं.
तिनं माझ्याकडं पाहिलं, माइककडं पाहिलं.
‘कशाला?’
म्हणाली, आणि आत जाऊन
मिक्सर लावला.

सगळ्यांनी वळून पडद्याकडं पाहिलं,
शाल्मलीनं घड्याळाकडं.
वेळ माझीच चालली होती.